ठराव टाइप होऊन येतो

चार वर्षांपूर्वी माण तालुक्यातल्या एका गावात ग्रामसभेला बसायचा योग आला. समाजमंदिरात सतरंजी अंथरलेली, पुरुष बरेचसे बाहेर पायऱ्यांवर, आत डाव्या भिंतीला टेकून दहा-बारा बाया. पुण्याहून एका कंपनीचा माणूस आला होता. त्याच्याकडे सीएसआरचे, म्हणजे कंपन्यांनी कायद्याने सामाजिक कामावर खर्च करायचे पैसे होते, शाळेत डिजिटल वर्ग करून द्यायचा होता आणि त्यासाठी 'ग्रामस्थांची मागणी' असल्याचा ठराव हवा होता. ठराव टाइप होऊनच आला होता. सूचक आणि अनुमोदक यांच्या नावांपुरती जागा तेवढी कोरी. मार्चचा दुसरा आठवडा चालू होता, ३१ तारखेच्या आत पैसे खर्ची पडायला हवे होते. भिंतीजवळची एक म्हातारी म्हणाली, "टीव्ही लावताय ते बरंच हाय. पण चौथीला दोन वर्षं झाली मास्तर न्हाई, त्याचं काय?" माणूस चांगला होता, उडवाउडवी न करता म्हणाला, "आजी, ते आमच्या प्रकल्पात बसत नाही." ग्रामसेवकाने दोन नावं भरली. चाळीस मिनिटांत सभा आटोपली आणि चहा आला.

दानाचा पैसा कुठे लावायचा हे ठरवताना, तो ज्यांच्यासाठी आहे त्यांना विचारावं का, विचारायचं तर कितपत आणि कसं, यावर गेली पन्नासेक वर्षं जगभर प्रयोग झाले आहेत. त्यावरची चर्चा बहुतेक वेळा निवडसमितीतल्या खुर्च्यांभोवती फिरते: तिथे किती बायका, किती गरीब, किती गावकरी. मला मात्र त्या दिवसापासून तो टाइप केलेला कागद जास्त महत्त्वाचा वाटत आला आहे. निर्णयाचा मोठा भाग सभेच्या आधीच, कुणीतरी संगणकावर प्रकल्पाचं शीर्षक लिहितं तेव्हा, होऊन गेलेला असतो. उरलेला मोठा भाग म्हणजे हिशेब, आणि तो सभा उठल्यावर गावाबाहेर जातो. मधल्या चाळीस मिनिटांना आपण सहभाग म्हणतो.

आधी शब्दाचंच बघू. संस्थांच्या कागदांत 'समुदाय' असतो. हा शब्द मी कुठल्याही पारावर ऐकलेला नाही. लोक गाव म्हणतात, वस्ती म्हणतात, आळी म्हणतात. 'समाज' म्हणतात तेव्हा बहुधा जात म्हणायची असते. 'आमच्या समाजाचा हॉल' म्हटल्यावर कुणाचा ते ऐकणाऱ्याला बरोबर कळतं. म्हणजे 'समुदायाला विचारा' या वाक्यातला ज्याला विचारायचं तो कोण, हे आपल्या भाषेत अजून ठरलेलंच नाही. डॉ. आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ला संविधान सभेत खेड्याच्या गोडव्यांवर जो घाव घातला, तो इथे आठवतो. गाव म्हणून जे एकजिनसी चित्र रंगवलं जातं, त्यात वेशीबाहेरच्यांना जागा नसते. त्यांनी घटक धरला तो व्यक्ती, गाव नव्हे. सहभागाचं कौतुक सांगणाऱ्या प्रत्येकाने हे भाषण आधी वाचावं असं मला वाटतं.

आणि तरीही आपल्याकडे लोकांनी मिळून पैसा वाटण्याची रीत जुनी आहे. साधी भिशी घ्या. बारा-पंधरा बाया, दर महिन्याला ठरलेली रक्कम, चिठ्ठी निघेल तिला सगळी उचल. नियम इतकाच. पण मी पाहिलेल्या भिश्यांत चिठ्ठी क्वचितच तेवढ्यावर सुटते. चिठ्ठी काढायच्या आधी कुणीतरी म्हणतं, हिच्या सासऱ्याचं ऑपरेशन आहे, या महिन्यात हिला देऊ. दुसरी म्हणते, मागच्या वर्षी हिलाच आधी दिली आणि नंतर हप्ते रखडले. मग दहा मिनिटं कुजबुज, एखादीचा रुसवा, आणि निर्णय. गरज किती, पत किती, मागचा अनुभव काय, आजूबाजूला कोण मदतीला आहे, हे सगळं त्या दहा मिनिटांत तोललं जातं. कुठल्याही प्रतिष्ठानाच्या निवडसमितीचं कामकाज याहून फार निराळं नसतं. फरक असा की या बायांचा स्वतःचा पैसा त्यात आहे, आणि निर्णय चुकला तर पुढच्या महिन्यात त्यांनाच तो भोगायचा आहे.

लोकवर्गणीच्या मोठ्या कामांतही हीच वीण दिसते. अंताजी दामोदर काळे यांनी एकेक पैसा गोळा करून पैसा फंड उभा केला आणि १९०८मध्ये त्यातून तळेगावला काचेचा कारखाना निघाला. १९१९मध्ये काले गावी रयत शिक्षण संस्था स्थापन करणाऱ्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी वसतिगृहांसाठी मुष्टिफंड वापरला: घरोघरी बाईने दळणाआधी मूठभर धान्य बाजूला काढायचं. मूठभर ज्वारी देणारी बाई रयतच्या कार्यकारिणीवर नव्हती हे खरं. पण बोर्डिंगात पोरं काय खातात हे विचारायचा तिला हक्क होता, आणि ती विचारत असणार. देणारा, ठरवणारा आणि हिशेब मागणारा एकाच गावात राहत होते.

विश्वस्तनिधीच्या आणि कंपन्यांच्या दानात ही माणसं सुटी झाली. देणारा मुंबईत, ठरवणारं संचालक मंडळ दिल्लीत किंवा न्यूयॉर्कात, घेणारा मेळघाटात. हिशेब घेणाऱ्याकडून देणाऱ्याकडे, वर वर चढत जातो. घेणाऱ्याच्या वाट्याला 'लाभार्थी' हा शब्द आणि उद्घाटनाच्या दिवशी आभार मानायचं काम.

पश्चिमेत यावर पहिली तिरीप पडली ती गेल्या शतकाच्या सातव्या-आठव्या दशकात. अमेरिकन नगररचनाकार शेरी अर्नस्टाइन यांनी १९६९मध्ये नागरिकांच्या सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. सगळ्यात खाली लोकांना गुंडाळणं, मध्ये माहिती देणं, मत विचारणं आणि चुचकारणं, सगळ्यात वर लोकांच्या हाती सत्ता. अर्ध्या शतकानंतरही 'विचारलं' आणि 'ठरवू दिलं' यांतला फरक दाखवायला हीच शिडी लागते. माणमधली ती सभा कुठल्या पायरीवर होती, हे वाचकाने ठरवावं. १९७४मध्ये बॉस्टनमध्ये वारशाने श्रीमंत झालेल्या काही तरुणांनी हेमार्केट पीपल्स फंड काढला आणि पैसा कुणाला द्यायचा हे चळवळीतल्या कार्यकर्त्यांच्या हाती सोपवलं. त्या धर्तीवरचे निधी पुढे अमेरिकेत इतरत्रही निघाले. रक्कम लहान होती, पण तत्त्व धाडसाचं होतं: पैसा माझा असला तरी त्याबद्दलचं शहाणपण माझ्याकडे असेलच असं नाही.

नंतरच्या काळात हा विचार ठरावीक गटांच्या निधींत रुजला. अपंग हक्क निधी २००८मध्ये सुरू झाला. त्याच्या अनुदान समितीत देणगीदार आणि अपंगांच्या चळवळीतले प्रतिनिधी एकत्र बसतात. तरुण स्त्रीवादी गटांसाठीच्या फ्रीडा निधीने तर समितीच बाजूला ठेवली. अर्ज करणारे गटच एकमेकांचे अर्ज वाचतात आणि मतं देतात. कल्पना सुरेख आहे, पण तिच्यात एक काच आहे. ज्या गटाला शेवटी पैसे मिळत नाहीत, त्यानेही इतरांचे अर्ज वाचण्यात दिवस घातलेले असतात. लोकांना निर्णयात घेणं म्हणजे लोकांना काम देणं, हे विसरून चालत नाही.

रेड अम्ब्रेला फंड २०१२मध्ये अॅमस्टरडॅममध्ये उभा राहिला. सेक्स वर्करांच्या संघटनांना पैसा द्यायचा आणि तो कुणाला द्यायचा हे ठरवणाऱ्यांत सेक्स वर्करच बहुसंख्य असायचे, अशी त्याची रचना. याचं मर्म कळायला सांगलीइतकी चांगली जागा नाही. मीना सेषू यांच्या संग्राम संस्थेने १९९२पासून सांगलीत एचआयव्हीवर काम उभं केलं, आणि त्यातूनच वेश्या अन्याय मुक्ती परिषद ही या बायांची स्वतःची संघटना घडली. २००३च्या अमेरिकन कायद्याने एचआयव्हीसाठीच्या मदतीला एक अट जोडली: पैसा हवा तर वेश्याव्यवसायाला विरोध असल्याचं लिहून द्या. ज्या बायांच्या भरवशावर कंडोमवाटप चाललं होतं, त्यांच्याच विरोधात सही करायची. संग्रामने ती अट नाकारली आणि तो पैसा सोडला. आता याला सहभाग म्हणायचा की नाही? समितीत खुर्ची मिळालेली नाही, मतदान नाही, फक्त नकार. मला वाटतं लोकांच्या हातातला सगळ्यात खरा अधिकार हाच असतो, आणि सहभागाच्या पुस्तिकांत त्यावर एकही प्रकरण नसतं.

अलीकडचा सगळ्यात गाजलेला प्रयोग ऑस्ट्रियातला. रसायन उद्योगातल्या घराण्याची वारस मार्लेने एंगलहॉर्न हिला आजीकडून मोठी संपत्ती मिळाली. ऑस्ट्रियात वारसा कर २००८मध्ये उठला आहे, तेव्हा सरकार काही मागणार नव्हतं. (आपल्याकडे इस्टेट ड्यूटी १९८५मध्येच गेली. वारशाचा कर नसलेल्या देशात दान ही श्रीमंतांच्या मर्जीची गोष्ट होते, हा तिचा मूळ मुद्दा इथेही लागू पडतो.) २०२४च्या सुरुवातीला तिने देशभरातल्या १०,००० जणांना पत्रं पाठवली आणि आलेल्या उत्तरांतून वय, शिक्षण, उत्पन्न वगैरे बघून ५० जण निवडले. सोळा वर्षांवरचं कुणीही चालणार होतं. सहा शनिवार-रविवार साल्झबर्गला बसून या ५० जणांनी २.५ कोटी युरो, म्हणजे तेव्हाचे सुमारे सव्वादोनशे कोटी रुपये, कुणाला द्यायचे ते ठरवलं. शेवटी ते ७७ संस्थांमध्ये वाटले गेले. एंगलहॉर्नने स्वतःकडे नकाराधिकार ठेवला नव्हता.

मला यातली दोन बारीक कलमं महत्त्वाची वाटतात. एक, प्रत्येकाला दर शनिवार-रविवारचे १,२०० युरो मानधन, शिवाय प्रवास आणि राहणं-जेवण. म्हणजे दुकानातल्या पोरीला आणि निवृत्त मास्तराला एकाच बाकावर बसणं परवडलं. आपल्याकडे ग्रामसभेला बसलेल्या बाईचा दिवसाचा रोज बुडतो आणि तिला सतरंजी आणि अर्धा कप चहा मिळतो. दुसरं, प्रश्नच मोकळा होता. यादी टाइप होऊन आली नव्हती. अर्थात या प्रयोगालाही मर्यादा होती. निवडलेले लोक 'समाजाचे' प्रतिनिधी होते, पण ज्यांना पैसे मिळाले त्या ७७ संस्थांच्या दारात उभे असलेले ते लोक नव्हते. आणि ५० जण सहाव्या बैठकीनंतर घरी गेले. हिशेब बघायला मागे कोण राहिलं?

आता मोजदाद. लोकांना ठरवू दिलं तर निर्णय चांगले होतात का, याचा अभ्यास विकासाच्या अर्थशास्त्रात बराच झाला आहे, आणि त्याचा निकाल दोन्ही बाजूंच्या भक्तांना अडचणीत आणणारा आहे. जागतिक बँकेने दहा वर्षांत स्थानिक सहभागाच्या प्रकल्पांवर ८,५०० कोटी डॉलर घातले, आणि मग तिच्याच दोन संशोधकांनी, घजाला मन्सुरी आणि विजयेंद्र राव यांनी, ५००च्या आसपास अभ्यास तपासून २०१३मध्ये अहवाल काढला. निष्कर्ष कडू होता. वरून पैसे ओतून घडवलेल्या सहभागात जे पुढे येतात ते बहुधा जास्त शिकलेले, जास्त पैसेवाले आणि पुरुष असतात. लाभाचा मोठा वाटाही तिकडेच वळतो. सिएरा लिओनमध्ये २३६ गावांत अशाच एका योजनेचा काटेकोर अभ्यास झाला. गावांना पैसा मिळाला, समित्या झाल्या, बायका-तरुणांना जागा राखल्या. इमारती उभ्या राहिल्या, व्यापार थोडा वाढला. पण योजना संपल्यावर गावात निर्णय कोण घेतं, यात फरक पडला नाही.

इंडोनेशियातला अभ्यास मात्र मला आपल्या दारिद्र्यरेषेच्या यादीची आठवण करून देतो. ६४० वस्त्यांमध्ये गरीब कोण हे दोन तऱ्हांनी ठरवलं गेलं. काही ठिकाणी सरकारी पद्धतीने, घराची भिंत-छप्पर-वस्तू मोजून. काही ठिकाणी गावाची बैठक घेऊन, प्रत्येक कुटुंबाचं कार्ड दोरीवर टांगत, गरिबापासून सधनापर्यंत रांग लावून. खर्चाच्या आकड्यांवर तपासलं तर सरकारी मोजणी जराशी सरस ठरली. पण लोकांचं समाधान बैठकीच्या यादीवर कितीतरी जास्त होतं, कारण लोक फक्त आजचा खर्च बघत नव्हते. घरात कमावण्याची ताकद किती आहे, हेही बघत होते. पुढाऱ्यांनी यादी पळवल्याचा पुरावा मिळाला नाही. एक गंमत मात्र मिळाली: बैठक जसजशी लांबली, तसतशा शेवटच्या कार्डांवर चुका वाढल्या. लोक दमले. सहभागाची उपासना करणाऱ्यांनी ही ओळ भिंतीवर चिकटवावी.

त्याच देशात ४९ गावांमध्ये बेंजामिन ओल्केन यांनी आणखी एक गोष्ट पाहिली. काम निवडायला काही गावांत प्रतिनिधींची बैठक, काही गावांत सरळ सगळ्यांचं मतदान. निवडलेली कामं जवळजवळ तीच निघाली, पण मतदान झालेल्या गावांत लोक कामावर कितीतरी जास्त खूश होते. यावर कुणी म्हणेल, निर्णय तोच तर मग खटाटोप कशाला? मला उलट वाटतं. हातपंप तोच असला तरी तो 'आमचा' वाटला, तर बिघडल्यावर वायसर कोण आणतं, यात फरक पडतो.

मग विचारायचंच कशाला, सरळ पैसे वाटा, असंही एक मत आहे. गिव्हडायरेक्टलीसारख्या संस्था केनियात तेच करतात: बैठक नाही, ठराव नाही, मोबाइलवर रक्कम. वैयक्तिक गरजेपुरतं हे सगळ्यात प्रामाणिक वाटतं. पण रोख रकमेने धरणाची गळती थांबत नाही, आणि शाळेला मास्तरही येत नाही. उलट बाजूने, कुठलं दान जास्त मोलाचं हे ठरवताना लोकांची मूल्यं विचारण्याचाही प्रयोग झाला. आयडीइनसाइट या संस्थेने केनिया आणि घानामधल्या सुमारे दोन हजार लोकांना विचारलं: जीव वाचवणं आणि उत्पन्न वाढवणं यांत कशाला किती वजन? उत्तर देणाऱ्यांनी लहान मुलांचा जीव वाचवण्याला देणगीदारांच्या अंदाजापेक्षा जास्त वजन दिलं. इथे लोक प्रकल्प निवडत नाहीत, तराजूचं वजन ठरवतात. ठराव टाइप व्हायच्या आधीची ही पायरी आहे आणि तिच्याकडे फारसं कुणाचं लक्ष नाही.

नकाशा आखायच्या आधी विचारायचं असतं, हा धडा महाराष्ट्राला किल्लारीने फार महागात शिकवला. ३० सप्टेंबर १९९३, गणपती विसर्जनाची रात्र सरता सरता पहाटे भूकंप झाला. माळवदाची, दगडमातीच्या जाड भिंतींची घरं झोपलेल्या माणसांवर कोसळली आणि हजारो माणसं गेली. देणगीदारांची रीघ लागली. ५२ गावं नव्या जागी वसवायचं ठरलं, त्यांतली कित्येक संस्थांनी आणि कंपन्यांनी बांधून दिली. सरळ रस्ते, चौकोनी प्लॉट, सारखी घरं. घराचा आकार जमिनीच्या आकारावरून: भूमिहीनाला २५० चौरस फूट, मोठ्या शेतकऱ्याला ७५०. म्हणजे दानाच्या नकाशातही गावातली जुनी उतरंड जशीच्या तशी उतरली. गुरं कुठे बांधायची, कडबा कुठे रचायचा, बायांनी संध्याकाळी कुठे टेकायचं, हे नकाशावर नव्हतं. ज्यांनी हे आखलं ते दुष्ट नव्हते. त्यांना घाई होती, आणि घाईला नेहमीच चौकोन आवडतो.

त्याच पुनर्वसनाचा दुसरा भाग निराळा झाला, आणि त्याबद्दल कमी बोललं जातं. ज्या गावांत घरं पडली नव्हती पण तडकली होती, तिथे जवळपास दोन लाख घरांना दुरुस्ती-मजबुतीसाठी हप्त्याहप्त्याने रक्कम द्यायची होती. घर लोकांनी स्वतः दुरुस्त करायचं. सुरुवातीला हे अडलं, कारण लोकांचा ना तंत्रावर विश्वास, ना अधिकाऱ्यांवर. मग प्रेमा गोपालन यांच्या स्वयं शिक्षण प्रयोगाने हजारावर गावांतल्या महिला मंडळांना मध्ये आणलं. गावोगावी 'संवाद सहायक' बाया नेमल्या गेल्या. कोपऱ्याला पट्टी कशी बसवायची, दगडी भिंतीत बांधदगड कुठे घालायचा, हप्ता अडला तर तालुक्याला कुणाला भेटायचं, हे त्या शिकल्या आणि दारोदार सांगत फिरल्या. २००१मध्ये भूजला भूकंप झाला तेव्हा लातूर-उस्मानाबादच्या याच बाया कच्छमध्ये गेल्या. पैसा दोन्हीकडे बाहेरूनच आलेला होता. पण एका ठिकाणी लोकांना तयार घराची किल्ली मिळाली, दुसरीकडे निर्णय आणि त्याचा मनस्तापही.

पुण्याचंही एक उदाहरण सांगायलाच हवं. १९९९मध्ये आयुक्त रत्नाकर गायकवाड यांनी झोपडपट्ट्यांतली सार्वजनिक शौचालयं ठेकेदारांऐवजी संस्थांना बांधायला दिली. दोन-तीन वर्षांत ४००च्या वर उभी राहिली. त्यांतली बरीच महिला मिलन आणि तिच्यासोबत काम करणारी स्पार्क ही संस्था यांच्या हातून झाली. मुंबईच्या भायखळ्यातल्या फुटपाथवरच्या बायांची ही महिला मिलन. इंजिनीअरच्या डोक्यात न आलेल्या गोष्टी त्यांनी घातल्या: बाया आणि पुरुषांच्या रांगा वेगवेगळ्या बाजूंना, लहान मुलांसाठी वेगळी जागा, कारण रांगेत पोरांना मोठे मागे ढकलतात, पाण्याची मोठी टाकी, आणि राखणदाराच्या कुटुंबाला राहायला खोली. यातली एकही गोष्ट 'गरजांचं सर्वेक्षण' या मथळ्याच्या फॉर्ममध्ये सापडली नसती. फॉर्म विचारतो, शौचालय हवं का? हो किंवा नाही.

त्याच पुण्यात २००६-०७पासून नागरिकांचा सहभाग असलेलं अंदाजपत्रक आहे. ब्राझीलमधल्या पोर्तो आलेग्रे शहरात १९८९मध्ये सुरू झालेली पद्धत, आपल्या बेताने बेतलेली. पोर्तो आलेग्रेत वस्त्यांच्या सभांमधून गटार की दवाखाना हे ठरत असे. पुण्यात क्षेत्रीय कार्यालयात फॉर्म भरायचा, काम पाच लाखांच्या आतलं हवं. पाच लाखांत काय होतं? बाक, दिवे, पदपथाच्या फरशा. सहभागाची मर्यादाच इतकी लहान आखली की लोकांची मागणीही तेवढीच लहान झाली.

आता कायदा. २०१३च्या कंपनी कायद्याच्या १३५व्या कलमाने मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे २ टक्के सामाजिक कामावर खर्च करणं बंधनकारक केलं. आता हा आकडा देशभरात वर्षाला २५,००० कोटींच्या वर गेला आहे आणि राज्यांत महाराष्ट्राचा वाटा सगळ्यात मोठा आहे. कायदा कारखान्याच्या आसपासच्या भागाला प्राधान्य द्या म्हणतो. पण ठरवणारी समिती संचालकांची. आसपासच्या गावातल्या कुणाला तिने विचारावं असं कुठे लिहिलेलं नाही, आणि विचारू नये असंही नाही. कंपन्या ते 'विचारू नये' असंच वाचतात. २०२०च्या सप्टेंबरमध्ये परकी निधीच्या कायद्यात बदल झाला आणि एका संस्थेला मिळालेला परदेशी पैसा दुसऱ्या संस्थेला देण्यावर बंदी आली. प्रशासनावरच्या खर्चाची मर्यादाही ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आणली. पुणे-मुंबईच्या संस्थेने पैसा आणायचा आणि गावोगावच्या लहान गटांनी मिळून तो वाटून घ्यायचा, ही वाटच बुजली. बैठका, प्रवास, बसून ठरवणं, हे बरंचसं 'प्रशासन' या खात्यात पडतं हे लक्षात घेतलं, म्हणजे दुसऱ्या कलमाचा फटकाही कळेल. लोकांना विचारायला पैसे लागतात आणि नेमके तेच पैसे कापले गेले.

एका गोष्टीचं मात्र श्रेय द्यायला हवं. महाराष्ट्रात आदिवासी उपयोजनेचा ५ टक्के निधी २०१५पासून पेसा गावांना, म्हणजे अनुसूचित क्षेत्रातल्या आदिवासी गावांना, थेट, अबंध म्हणून जातो. अबंध म्हणजे काम कोणतं ते गावाने ठरवायचं. सगळीकडे ते नीट होतं असं नाही. अनेक गावांत ठराव इथेही टाइप होऊनच येतो, फक्त आता पंचायत समितीतून. पण तत्त्व उलटं आहे: आधी पैसा, मग प्रश्न. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) या गोंड गावाने हे त्याआधीच करून दाखवलं होतं. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्या सोबतीने गावाने अभ्यासगट चालवला, निर्णय मतदानाने न घेता सर्वसहमतीने घ्यायचा नियम पाळला. एकाचा नकार असला तरी विषय पुढच्या बैठकीला. २००९मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, २०११मध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी येऊन बांबूच्या वाहतुकीचा परवाना गावाच्या हाती दिला. बाहेरच्या माणसाला तिथे प्रकल्प घेऊन गेल्यावर आधी अभ्यासगटासमोर बसावं लागे. मार्चचा दुसरा आठवडा तिथे कामाला येत नाही.

सर्वसहमतीतही दबाव असतो, हे कबूल. गावात ज्याचं वजन, त्याची सहमती आधी. म्हणून मला मेंढ्याचा नियम सगळीकडे लावावा असं वाटत नाही. महिला ग्रामसभा आधी घ्यायची, हा महाराष्ट्रातला नियम त्यासाठीच आहे, आणि तो कागदावर किती आणि सतरंजीवर किती, हे प्रत्येक गावाला माहीत आहे. बीडच्या अनेक गावांत तर प्रश्न याहून साधा आहे. ऊसतोडीला गेलेली निम्मी घरं दिवाळीनंतर कुलूपबंद असतात ती मार्चपर्यंत. २६ जानेवारीच्या ग्रामसभेत ती नसतात. सीएसआरचं सर्वेक्षण त्या महिन्यांत झालं, तर त्यातही नसतात. ज्यांची गरज सगळ्यात मोठी, ते नेमके विचारायच्या वेळी सांगली-कोल्हापूरच्या फडात. यावर कसलीही सहभाग-पद्धती लागत नाही, फक्त कॅलेंडर बघावं लागतं.

गेल्या वर्षी त्या माणमधल्या गावात पुन्हा जाणं झालं. डिजिटल वर्ग आहे. टीव्हीवर प्लास्टिकचं आच्छादन आहे, दर शनिवारी लावतात म्हणे. चौथीला मास्तर आले आहेत, जिल्हा परिषदेचेच. ग्रामसेवकाला सहज विचारलं, वर्गाला एकूण किती खर्च आला? तो म्हणाला, "ते कंपनीकडं असतंय, आपल्याकडं काय येत न्हाई." शाळेच्या भिंतीवर निळ्या अक्षरांत कंपनीचं नाव आणि उद्घाटनाची तारीख आहे, आकडा नाही. तिथून देवळाकडे आलो. जत्रा नुकतीच झाली होती. गाभाऱ्याबाहेरच्या खांबाला वहीची चार पानं चिकटवलेली होती: वर्गणी देणाऱ्यांची नावं, समोर रक्कम, खाली खर्च. वाजंत्री, मंडप, कुस्त्यांची बक्षिसं, नारळ एकशे दहा. शेवटच्या पानावर शिल्लक, आणि त्याखाली कुणीतरी पेनाने लिहिलं होतं, 'नारळ जास्त लावले आहेत.'